तुरुंगातली तुरपाई

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आटोक्यात असतील अशी आशा आहे. पत्र बसून वाच, आणि भावोजी जवळ असतील तर त्यांना आधी फिरायला पाठव.

बेचाळीस वर्षांपूर्वीच्या सुट्टीत आपण दोघी रुग्णालयाचे गणवेश शिवायला जातो असं घरी सांगून कुठे जात होतो, ते कुणाला कळू द्यायचं नाही असं तू बजावलं होतंस. परवा ते माझ्याकडून फुटलं. सुनेने सिनेमाला नेलं (जुना आहे, आई, तुम्हाला आवडेल, म्हणाली), आणि पडद्यावर बघते तर आपण तेव्हा काम केलेला तोच सिनेमा, आपलाच बायकांचा तुरुंग. दार आपटलं की पुठ्ठ्याची अख्खी कोठडी अजूनही हलते. निर्मात्याला म्हणे बंदिवान स्त्रियांवरचा अन्याय दाखवायचा होता. अन्याय मात्र दर वेळी आंघोळीच्याच वेळी व्हायचा. मफलरीत तोंड लपवून तो तीनतीनदा बघून आलेले सद्गृहस्थ आता नातवंडांवर संस्कार करत असतील.

तुझी उंची आणि आवाज बघून तुला जेलरीण केलं, मला शिवणयंत्रावर बसवलं. काम काय, तर नवे कपडे फाडायचे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दहा वर्षं छडी घेऊन शिवण शिकवलेल्या मुलीला फाटकी कड तशीच सोडवते का? मी प्रत्येक कड आत दुमडून बारीक तुरपाई केली. दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला, बाई, मी तुरुंग काढतोय, शाळेचं स्नेहसंमेलन नाही. पण खरं कारण तुलाही कधी सांगितलं नाही. गार पाण्याखाली काकडणारी ती सर्वांत लहान कैदीण रोज हळूच यायची आणि म्हणायची, "ताई, आणखी दोन टाके घाला ना." मी चार घालायचे. शेवटच्या दिवसापर्यंत तिच्या कपड्याचा गळा हनुवटीला टेकला होता.

परवा ती पडद्यावर आली आणि मी बोलून गेले, ही माझी तुरपाई. सुनेने ऐकलं, मग पुढच्या रांगेने, मग सगळ्यांनी. ही तरुण मंडळी हा सिनेमा दर महिन्याला बघतात, संवाद नटांच्या आधी म्हणतात आणि तुरपाई केलेल्या चिंध्या घालून येतात. एका दाढीवाल्याने तर त्या टाक्यांवर प्रबंध लिहिलाय. माझी तुरपाई हा व्यवस्थेविरुद्धचा मूक उठाव कसा आहे, हे त्याने मला अर्धा तास समजावलं. मी म्हटलं, बाळा, तिला थंडी वाजत होती रे. तेही त्याने वहीत उतरवून घेतलं. (आता त्याचं एक प्रकरण होईल.)

रागावू नकोस. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. सगळ्यांत जास्त शिट्ट्या तुलाच पडतात. जेलरीण कुठे असते, असं सारखं विचारत होते. तुझी अब्रू राखायची म्हणून मी सांगितलं, ती गेली. सगळं सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. मलाही रडू आलं.

आणखी ता. क. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारला, तुला मरणोत्तर पुरस्कार आहे. तो मी घ्यावा म्हणतात, आणि मलाही जायचंय, पण एकटीने मंचावर चढायची छाती होत नाही. तू येशील का? तसंही तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला कुणी मिळत नाहीये.