सोमवारचा चौकोन

गुरुवार, ८ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सरावाच्या वेळापत्रकाचा सहावा कागद मिळाला. घडीवर थोडा फाटला होता. चिकटपट्टी लावून बॅगेच्या झाकणाला आतून डकवला आहे. बॅग उघडली की आधी तुमचे चौकोन दिसतात, मग कपडे.

सध्या मुक्काम हमरस्त्यावरच्या एका लॉजवर. औषधांच्या कारखान्यातले चव्वेचाळीस वजनकाटे तपासायचे आहेत. प्रमाण वजनांची पेटी घेऊन तीन जिने चढायचे, एकेक वजन चिमट्यानं काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, पुढचा काटा. संध्याकाळी पोहणं. लॉजचा तलाव अकरा मीटरचा आहे, म्हणजे तीन किलोमीटरला दोनशे त्र्याहत्तर फेऱ्या. मालकीणबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, पाण्यात काही हरवलंय का तुमचं. मी नाही म्हटलं आणि उरलेल्या फेऱ्या मारल्या.

ट्रायथलॉनला दहा आठवडे उरले. २२ मार्चला पावणेचार किलोमीटर पोहायचं, एकशेऐंशी सायकल, मग बेचाळीस धावायचं, सगळं एकाच दिवशी. हे लिहितानाही मला उत्साह येत नाही, पण घाबरायलाही होत नाही. मागच्या आठवड्यात मंगळवारची सायकल प्रवासात गेली होती, तीही भरून काढली. ऑगस्टपासून एकही चौकोन रिकामा जाऊ दिलेला नाही. तुमच्या शाळेत असते तर शाबासकी मिळाली असती.

आत्याला नमस्कार. दोघांनी माझ्यावर माया ठेवावी, रागावण्याचं काम आत्याकडे असू द्यावं.

आपली,
भिंगरी


गुरुवार, १५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कान गेले त्याचा हा एक फायदा, फोन बंद झाला आणि मुलगी पत्र लिहू लागली.

चौकोन रिकामा गेला नाही हे वाचून ऊर भरून आला. एकतीस शिक्षक, सोळा वर्ग, आणि चाळीस वर्षांत माझ्या वेळापत्रकात एकही तास मोकळा सापडला नाही. कोणी गैरहजर राहिलं की त्याचा तास दुसऱ्याच्या गळ्यात. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की सगळे वह्या तपासायला लागत. तुझं वेळापत्रक मात्र मी प्रेमानं आखलं आहे. तीनदा खोडून चौथ्यांदा जमलं. शिसपेन अजून थरथरत नाही, हे तुझ्या आत्यालाही मान्य आहे.

एक तक्रार. तुझं अक्षर बिघडलं आहे. दुसऱ्या पानावर ओळी उतरणीला लागल्यात आणि काने कुठल्या कुठे गेलेत. पाच गुण कापले असते. लॉजवरचं टेबल डगमगतं का? घडी घातलेला कागद पायाखाली सरकव.

आत्याचं आणि शेजारच्या मांजराचं युद्ध चालू आहे. मांजर जिंकत आहे. तुझ्या आईच्या कुंड्यांपैकी दोन त्यानं उलथल्या, तिसरी मी खिडकीत घेतली.

तब्येतीला जप. वेळापत्रक पाळतेस त्याअर्थी जपतच असशील.

तुझा,
बाबा


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

प्रिय आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू घाबरशील आणि बाबांना हातवारे करून सगळं सांगून मोकळी होशील. म्हणून लिहिते. वाचून फाडून टाक.

बुधवारी माझ्या हातून दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन पडलं. चिमट्यातून निसटलं आणि मला कळलंच नाही. खाली आवाज झाला तेव्हा मी तिकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पडलेलं वजन दिसायला होतं तसंच दिसतं, पण त्याच्यावर पुन्हा विसंबता येत नाही. पेटीतून काढावं लागतं, पुन्हा तपासायला पाठवावं लागतं. साहेब रागावले नाहीत, बरी आहेस ना एवढंच विचारलं. मी बरी आहे म्हटलं.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही महिनाभर बधिर आहेत. गरम कपाला लागली तरी कळत नाही. सायकलच्या दांडीवर तासन् तास भार पडतो, त्यानं होत असावं. बाबांनी अक्षराबद्दल विचारलं, मी टेबलावर ढकललं.

आणि बोटांचंच नाही. काल प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं आठवड्यापूर्वी झालेल्या भाच्याचा फोटो दाखवला. मी अभिनंदन केलं, नाव विचारलं, वजनही विचारलं. आतून काहीच हललं नाही. रविवारी पाच तास सायकल चालवली, त्यातलं मला एक झाड आठवत नाही. सोमवारी पहाटे, राहून गेलेलं धावणं भरून काढायला निघाले, तर कोपऱ्यावर उभी राहून डावीकडे जायचं की उजवीकडे हेच आठवेना. वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. तेही वाटलं नाही.

सोडून दे म्हणशील. ते जमणार नाही. आई गेल्यापासून सहा वर्षांत बाबांनी पट्टी आणि शिसपेन हातात घेतली ती या वेळापत्रकासाठी. मी थांबले तर ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसतील. मार्चपर्यंत ओढते. दर रविवारी लांबची सायकल असते, त्यामुळे तोवर घरी येणंही नाही.

मांजराला माझा नमस्कार. तू मला धरून राहा.

तुझी,
भिंगरी


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चि. भिंगरीला,
खूप आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र फाडलं नाही. तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे, तिकडे दादा फिरकत नाही.

तू तुझं गुपित सांगितलंस, आता त्याचं ऐक. तुझ्या वेळापत्रकाची दुसरी प्रत त्यानं जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. पहाटे पाचला तुझं धावणं असलं की हा पाचला उठतो. स्वेटर घालतो, खुर्चीत ताठ बसतो, समोर घड्याळ. तुझा तास संपला की चहा टाकतो. गेले सहा महिने हेच. मी विचारलं, बसून काय करतोस, तर म्हणाला, पोर एकटी नको. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. ती आज मोडली.

त्याची तब्येत काही ठीक नाही गं. दुपारी जेवता जेवता डुलक्या घेतो. शर्यत संपल्यावर झोपेन म्हणतो. तू त्याच्यासाठी धावतेस आणि तो तुझ्यासाठी बसतो. दोघांच्या पाठीत एकेक रट्टा घालावासा वाटतो मला.

एक मात्र समजलं नाही. सोमवारी पहाटे तू धावायला निघालीस असं लिहिलं आहेस. सोमवारी तर दादा सातपर्यंत झोपतो. एकदा मी उठवायला गेले, तर पांघरूण ओढून म्हणाला, आज ती झोपली आहे, मलाही झोपू दे. आठवड्यातला त्याचा तेवढाच एक दिवस सुखाचा. काचेखालच्या कागदावर सोमवारचा चौकोन कोरा आहे, मी आत्ता जाऊन पाहिला. कोरा म्हणजे सुट्टीच ना? तू सोमवारी काय करत होतीस?

हात ताबडतोब डॉक्टरला दाखव. माझा जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
आत्या


सोमवार, २३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नका, डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्याला पट्टी आहे. आत्यावर रागावू नका, तिनं मला सगळं कळवलं. तांदळाच्या डब्यातलं माझं पत्रही तिच्याकडून मागून वाचा. पुन्हा लिहायला माझ्याकडे हात नाही.

तिचं पत्र गेल्या सोमवारी मिळालं. मी बुटांच्या नाड्या बांधून जिन्यात उभी होते. वाचलं आणि पायरीवर बसले. बाबा, मला वाटलं तो चौकोन बदली तासाचा आहे. तुम्ही आयुष्यात कधी चौकोन रिकामा सोडला नव्हता, मग माझ्यासाठी सोडाल हे डोक्यातच आलं नाही. आठवडाभरात जे राहील ते मी सोमवारी भरत गेले. ऑगस्टपासून एकही सोमवार सुटला नाही. तुम्ही झोपायचात तेव्हा मी धावत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तळहातातली नस दबली आहे. सायकल सहा आठवडे बंद. शर्यतीतून नाव काढलं. कळवताना वाईट वाटेल असं धरून चाललं होतं, पण अर्ज पाठवून मी भांडी घासली. साहेबांनी पंधरा दिवस प्रवास बंद केला आहे.

आज सोमवार. काल गजर न लावता झोपले, सकाळी दहाला जाग आली. उठून चहा केला, कप उजव्या हातात घेतला आणि करंगळीला चटका बसला. हळूहळू नाही, एकदम. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की नस सुटायला लागली की दुखेल. बाबा, दुखतंय. दोन तास झाले, मी रडते आहे, आणि बोटासाठी कोणी एवढं रडत नाही हे मलाही कळतं.

तुमची मेहनत वाया गेली. माझ्यावरची माया त्यासोबत जाऊ देऊ नका.

आपली,
भिंगरी


रविवार, १ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं वाचली. आत्यावर रागावलो नाही, तिच्याशी एक दिवस बोललो नाही, इतकंच.

चूक माझी आहे. आमचे चित्रकलेचे सर एकदा माझ्याकडे आले होते. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, रोज मधल्या सुट्टीनंतर एक तास मोकळा मिळाला तर घरी जाऊन तिला जेवू घालून येईन म्हणाले. मी त्यांना वेळापत्रक दाखवलं, जागाच नाही म्हटलं. जागा होती. मला मोकळा चौकोन बघवत नसे. बाई पुढच्याच वर्षी गेल्या. सर अजून रस्त्यात भेटतात, हसून चौकशी करतात, आणि मी घाईत असल्यासारखा पुढे निघतो.

तुझा सोमवार मी त्यांची आठवण ठेवून मोकळा सोडला होता. पण त्यात सुट्टी असं लिहायला हात धजला नाही. हा शब्द मी चाळीस वर्षांत वेळापत्रकात लिहिलेला नाही. वाटलं, माझी मुलगी आहे, कोरा चौकोन बघून समजेल. तू माझीच मुलगी निघालीस, म्हणून समजली नाहीस.

मेहनत वाया गेली वगैरे पुन्हा लिहू नकोस. मला शर्यतीचं काय करायचं होतं? पाचला उठायला कोणीतरी होतं, म्हणून मी उठत होतो.

सोबत नवा कागद जोडला आहे. एकाच आठवड्याचा, सात चौकोन. रविवारी संध्याकाळच्या गाडीत बस. उशीर झाला तर दार वाजवत बसू नकोस, मला ऐकू येणार नाही आणि आत्या मांजर समजून पाणी फेकेल. किल्ली खिडकीतल्या कुंडीखाली आहे. सोमवारच्या चौकोनात या वेळी मी शाईनं लिहिलं आहे, खोडता येणार नाही असं. बाकीचे सहा कोरे सोडलेत. ते भरायचे नाहीत.

तुझा,
बाबा