टाकीच्या पुढं की मागं?

बुधवार, संध्याकाळ

परवा ओवी सोसायटीतच हरवली. औंढ्याहून तळेगावात आल्यापासून पोरीला सगळ्या इमारती सारख्याच दिसतात. भलत्याच जिन्यात रडत बसलेली सापडली. तेव्हापासून बाहेर तिचा हात सोडलेला नाही.

आज तिने ठोकळ्यांची सोसायटी रचली. निळा ठोकळा म्हणजे पाण्याची टाकी.

"आई, टाकीमागं आपलं घर."

"आणि मागच्या फाटकातून आलीस तर?"

ती गोंधळली. मग उठून पलीकडे गेली, वाकून बघितलं. "आता टाकीच्या पुढं!"

बरोबर होतं. पण खऱ्या इमारतींत जमेल? लगेच मागच्या फाटकाशी नेलं आणि हात सोडला. तिने टाकी शोधली, क्षणभर थांबली, थेट आमच्या जिन्यात शिरली.

"उद्या तू नको येऊस," म्हणाली.

हो म्हणाले खरी. धीर कुठून आणू?