शुभेच्छुकांमध्ये ताई

खारवाडी, ता. मंठा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेम यास,

दैवशालाताईचा सप्रेम जय भीम. इकडे आम्ही ठीक आहोत. कापूस वेचायला बायका मिळत नाहीत, तुझ्या दाजींची कंबर धरली आहे, आर्यनला चष्मा लागला. आता भाचा तुझ्यासारखाच दिसतो, फक्त तो ऐकून घेतो.

तू जामिनावर सुटून बदनापूरला आईकडे आलास हे कळलं. तुझा निरोपही तिनं दिला. वीस तारखेला मंठ्याच्या कोर्टात ताईनं फक्त खरं सांगावं. फक्त! शेजारणीकडं वाटीभर मीठ मागावं तसं मागितलंस.

फोन करत नाही, कारण तुझ्याशी फोनवर बोललेलं उद्या कुठं वाजेल याचा भरवसा नाही. तुझा फोन पोलिसांकडं जमा आहे म्हणे. पण सवय कुठं जमा होते? म्हणून लिहायला बसले.

आधी कौतुक करते, मोठी आहे ना. जालन्याच्या पेपरची नोकरी सोडलीस तेव्हा म्हणालास, तिथं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायला लावतात, बातमी लिहू देत नाहीत. आता स्वतःचं चॅनल, कुणाची जाहिरात नाही, कुणाचा दाब नाही. कॅमेरा यायच्या आधी माइकवर लावायचा बिल्ला छापून आणलास. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी हसले खरी, पण बरं वाटलं होतं मला. आपल्या घरातून कुणीतरी प्रश्न विचारणार, याचं बरं वाटलं होतं.

पहिली बातमी तुला मीच दिली. नऊ वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवली, मला दिसत होतं. पोरांच्या आहाराची पाकिटं कागदावर चाळीस, अंगणवाडीत उतरतात पंधरा, बाकीची काकासाहेबाच्या गोठ्यात. सरपंचाचा मेहुणा तो, त्याच्या म्हशी आमच्या पोरांपेक्षा गुटगुटीत. तू म्हणालास, "ताई, तुझं नाव बिलकुल येणार न्हाई. माझ्यावर सोड."

मी सोडलं.

काम तसं चोख केलंस. माझ्या तोंडावर पदर, शूटिंग पाठीमागून, आवाज बदकासारखा. दाजींनाही ओळखू आलं नाही. आणि शेवटी ती पट्टी आली. चौकातल्या फ्लेक्सवर असते तशी, झेंडूच्या माळा काढलेली. 'शुभेच्छुक'. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सर्जेराव मामा, गल्लीतली चार पोरं आणि मधोमध मी, लग्नातल्या फोटोत. खाली लिहिलेलं, 'सौ. दैवशालाताई, अंगणवाडी मदतनीस, खारवाडी'. पहिली बातमी म्हणजे तुझं बारसंच, मग घरच्यांचे फोटो नकोत का! दोन वर्षं पेपरात काढून शिकलास काय, तर फ्लेक्स.

सकाळी नऊला गावानं पाहिलं. दहाला मी तुला फोन केला, व्हिडिओ काढ म्हणाले. तुझे शब्द मला पाठ आहेत.

"ताई, आत्ता कुठं चालून राह्यला. आता काढला तर लोक म्हणतील, विकला गेला. दोन दिवस थांब, मंग पट्टी कापून परत टाकतो."

त्या दोन दिवसांत माझ्याकडून अंगणवाडीची किल्ली काढून घेतली. शाळेत पोरं आर्यनला 'पाकीट' म्हणून हाक मारायला लागली. तुझे दाजी संध्याकाळी शेतातून आले आणि म्हणाले, "काकासाहेब बांधावर आल्ता. बायकूला आवरा म्हणला. भावापाशी काय काय बोलून राह्यलीस तू?" उत्तर द्यायच्या आत माझ्या गालावर त्यांची बोटं उठली. लग्नाला चौदा वर्षं झाली, असं पहिल्यांदा झालं. आईला सांगू नकोस. तुझा व्हिडिओ तेव्हा जोरात चालला होता.

तिसऱ्या दिवशी काकासाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसला. सोबत टाइप केलेला कागद.

"ताई, आमी काय वाघ हाव का? एवढीच सही द्या. भाऊ बातमी दाबायला पैसे मागत व्हता, अन् तुमी त्याला कायबी सांगितलं न्हाई. बस."

मी घाबरून सही केली असं आईला सांगितलंय. तुझ्या वकिलालाही तसंच वाटतं म्हणे. साधीभोळी बाई, दबावाखाली आली.

ते खोटं आहे, प्रेम. मला कुणी धमकावलं नाही. काकासाहेब चहा पिऊन, कागद तिथंच ठेवून, "इचार करा" म्हणत उठला होता. चपला घालत होता. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, सेविकेची जागा रिकामी आहे, बारावीची मार्कलिस्ट नऊ वर्षं पेटीत पडून आहे, सरपंचांच्या कानावर घाला. तो हसला. "बराबर हाय," म्हणाला. "भावापक्षा तुमाला बातमीची किंमत जास्त कळती."

मग मी सही केली. कपबशी उचलून आत नेली.

ऑक्टोबरात सेविकेची ऑर्डर आली. मी पेढे वाटले. पाकिटं आता माझ्या सहीनं उतरतात. अजूनही पंधराच. सही मात्र चाळिसांवर करते.

काकासाहेबानं तो कागद जोडून तुझ्यावर खंडणीची तक्रार केली. तुला पोलिसांनी नेलं तेव्हा वाईट वाटलं का, असं आईनं विचारलं होतं. वाटलं. बरंही वाटलं. नऊ दिवस तू आत होतास आणि मी रोज पोटभर जेवले. माझ्यावर आलं तेव्हा तूही जेवला असशीलच.

वीस तारखेला मी येणार आहे. इस्त्रीची साडी नेसून येणार आणि त्या कागदावर आहे तेच कोर्टापुढं सांगणार. माझ्या तोंडून खरं निघेल ही आशा सोडून दे.

पण हे पत्र माझ्या अक्षरात आहे. वकिलाच्या हातात दिलंस तर तू सुटशील. खोट्या जबाबाबद्दल मी अडकेन, नोकरी जाईल, तुझे दाजी मला दारात उभं करणार नाहीत. बातमी मात्र पक्की मिळेल तुला, पुराव्यासकट. आणि नाही दिलंस, तर खंडणीखोर पत्रकार म्हणून जन्म काढशील, कुणी तुझ्यापुढं तोंड उघडणार नाही.

पत्र फाडून टाक असं मी म्हणत नाही. दाखव असंही म्हणत नाही. तुला माझ्यापायी गप्प बसता येतं का, एवढंच मला बघायचं आहे. अकरा दिवस आहेत.

आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. तिला वाचता येत नाही, तेव्हा पत्रात काय आहे विचारलं तर सांग, ताईनं खुशाली कळवली आहे.

तुझ्याविरुद्धची साक्षीदार,
तुझी सख्खी ताई,
दैवशाला