मशीनवाल्या आत्याची कबुली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, सारी गल्ली जिला मशीनवाली आत्या म्हणते ती, आज दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. भावाला विचारलं असतं तर त्यानं दिला नसता. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लावली असती तर बरं वाटलं असतं, पण नाही लावली.

टाइप वकीलबाई करत आहेत. ‘थोडक्यात सांगा’ असं त्यांनी दोनदा बजावलं आहे.

यात काही नवे शब्द येतील, ते माझ्या भाचीचे. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून तिनं माझ्या दुकानाच्या माळ्यावर कंपनी काढली. तिला कंपनी म्हणायचं नाही, स्टार्टअप म्हणायचं. आणि काढणारीला मालकीण म्हणायचं नाही, फाउंडर म्हणायचं. फोनवर बटण दाबलं की मशीन दुरुस्त करणारी बाई दारात हजर, असं तिचं अ‍ॅप होतं. चार महिन्यांपूर्वी ते बंद पडलं. येत्या एक तारखेला ती परगावी नोकरीवर रुजू होते आहे. ‘आत्या, मला माणसंच कळत नाहीत, हे माझं काम नव्हे,’ असं म्हणून तिनं गेल्या महिन्यात माळ्यावरची पाटी उतरवली. ते वाक्य मला रोज टोचतं. का, ते सातव्या कलमात सांगते.

कलम पहिले. दुकान, त्यातलं कपाट, लांब बाक आणि वरचा माळा, हे सर्व माझ्या पश्चात भाचीला. माळ्याच्या शिडीची तिसरी पायरी हलते, जपून चढावं. ती म्हणायची, आपण बूटस्ट्रॅप करतोय, म्हणजे कोणाचे पैसे न घेता आपल्या हिमतीवर उभं राहायचं. खुर्ची माझी, वीज माझी, पंखा माझा, दुपारचं जेवण माझं. हिंमत मात्र खरोखर तिची होती, हे मी मान्य करते.

कलम दुसरे. दुकानावरच्या दोन खोल्या धाकट्या भावाला, पण एकदम नाही. या नव्या कंपन्यांत भागीदाराला त्याचा हिस्सा तुकड्यातुकड्यानं देतात. टिकून राहिला तर मिळतो, मध्येच पळाला तर नाही. याला व्हेस्टिंग म्हणतात. पहिल्या वर्षात तर काहीच हाती लागत नाही, त्याला क्लिफ म्हणतात. ही पद्धत आमच्या घरात एकेचाळीस वर्षांपूर्वी यायला हवी होती. वडील गेले तेव्हा ‘बाईमाणसानं ग्रीसमध्ये हात घालायचे नसतात’ म्हणत हा भाऊ दुकान विकायला निघाला होता. मी अडून बसले, तर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. सबब, माझ्या पश्चात त्यानं एक वर्ष रोज सकाळी स्वतःच्या हातानं दुकानाचं शटर उघडावं. मग पहिली खोली. आणखी तीन वर्षं उघडलं की दुसरी. वकीलबाई म्हणतात, अशी अट कोर्टात टिकणं कठीण आहे. हे त्याला कोणी सांगू नये.

कलम तिसरे. बँकेतली ठेव माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघी कारागिरांना समसमान. महिन्याला किती खर्च होतो तो बर्न रेट, आणि गाठीचं किती दिवस पुरेल तो रनवे. भाचीनं एकदा गंमत म्हणून माझा रनवे काढला, तो सव्वीस वर्षं निघाला. म्हटलं, बाई गं, तेवढं जगायचं म्हणजे माझ्याच नाकी नऊ येतील.

कलम चौथे. लाकडी मुठीचा मोठा स्क्रूड्रायव्हर थोरल्या कारागिरणीला, चिमटे आणि बारीक पान्यांची पेटी धाकटीला. तेलाच्या कुप्या कोणीही घ्याव्यात.

कलम पाचवे. माझं स्वतःचं हातमशीन शेजारच्या शिंपी मास्तरांना. मास्तरांनी वीस वर्षांत एकदाही ‘मशीन नीट झालं’ असं म्हटलेलं नाही. नेतात, चालवतात आणि म्हणतात, ‘बघू.’ खरं तर त्यांना मी साक्षीदार करणार होते. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष करू नये. मी मास्तरांना दुकानातूनच ओरडून विचारलं, ‘मशीन हवं की सही करायचा मान?’ ते शर्टाची कॉलर लावत होते, मान वर न करता म्हणाले, ‘मशीन. पण चालतंय का ते बघू.’

कलम सहावे. भाचीनं अ‍ॅप पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यात एकच बटण होतं. मी विचारलं, बाकीचं कुठंय? म्हणाली, ‘आत्या, हा एमव्हीपी आहे. आधी काम चालण्यापुरतं कमीत कमी करायचं, मग लोक सांगतील तसं वाढवायचं.’ माझ्या अंत्यविधीलाही हाच नियम लावावा. कमीत कमी माणसं, कमीत कमी वेळ. भाषणं नकोत, भावाचं तर मुळीच नको.

कलम सातवे. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाई म्हणाल्या, मग ते इथे बसत नाही. म्हटलं, बसवा.

भाचीच्या अ‍ॅपवरून पहिल्या महिन्यापासून बोलावणी येऊ लागली. मी आणि दोघी कारागीर जायचो, मशीन चालू करून द्यायचो, अ‍ॅपचा वाटा अ‍ॅपला जायचा. पण एकदा आलेलं गिऱ्हाईक अ‍ॅपवर परत फिरकत नसे. गिऱ्हाईक असं गळून जातं त्याला चर्न म्हणतात. तो शब्द ती दुखण्याचं नाव घ्यावं तसा हळू आवाजात घ्यायची. तिनं बटणाचा रंग बदलला. सूट दिली. एकेकाला फोन करून विचारलं, आमचं काय चुकलं? लोक म्हणायचे, ‘काही नाही हो, मशीन झकास चालतंय.’ मग तिनं पिव्होट करायचं ठरवलं, म्हणजे धंद्याची दिशाच बदलायची, पण वळायचं कुठे तेच कळेना. पैसे घालायला आलेल्या गृहस्थांनी तिचे आकडे पाहिले आणि अर्धा चहा टाकून उठले.

आता माझं ऐका. दुरुस्त झालेलं मशीन मी उलटं करते आणि तळाच्या पत्र्यावर बारीक ब्रशनं, पांढऱ्या रंगात माझा फोन नंबर आणि तारीख लिहिते. ही वडिलांनी लावलेली सवय. नंबर घातल्याशिवाय एकही मशीन माझ्या हातून सुटलेलं नाही. दोघी कारागिरांनाही मी तेच शिकवलं. अ‍ॅपवरून आलेल्या मशिनांवरही आम्ही तिघींनी माझाच नंबर घातला. त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे डोक्यातच आलं नाही. मग त्या लोकांचे फोन थेट मला यायचे, मी वहीत पत्ता लिहायचे आणि दोघींपैकी एकीला पाठवायचे. रोजचे इतके फोन, मला वाटायचं आपलीच जुनी गिऱ्हाइकं.

अ‍ॅप बंद पडून आठवडा झाला आणि एका कपडे शिवणाऱ्या बाईंचा फोन आला. मी विचारलं, तुम्ही कोणाकडून? त्या म्हणाल्या, ‘अहो, पहिल्यांदा अ‍ॅपवरूनच बोलावलं होतं की तुम्हाला! मग म्हटलं, बटण दाबत कशाला बसा, नंबर खाली लिहिलेलाच आहे.’

चार महिन्यांत भाचीला सांगायला कितीदा तरी तोंड उघडलं. दर वेळी ‘जेवलीस का?’ एवढंच बाहेर पडलं. मला लाज वाटत होती. भीतीही वाटत होती, की ही पोर पुन्हा माझं तोंड बघायची नाही. तर बाळ, तुझं काही चुकलं नव्हतं. तुझी गिऱ्हाइकं तुझ्या आत्यानं पळवली.

इथे वकीलबाईंनी टाइप करणं थांबवलं. म्हणाल्या, ‘आत्या, हे तिला तुम्ही गेल्यावर कळणार. तोवर ती स्वतःला बिनकामाची समजत दहा वर्षं काढेल. मग कळून काय उपयोग?’ मी म्हटलं, तुम्ही लिहा. त्यांनी लिहिलं, पण कीबोर्डवर राग काढत.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वरचा मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी मला माझंच हसू आलं, सातव्या कलमाला आलं नाही. सगळं बरोबर आहे म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक: ९ मार्च.
सही: मशीनवाली आत्या
साक्षीदार: १. दवाखान्यातले डॉक्टर. २. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या बाई.

पुरवणी. दिनांक १४ मार्च.

वकीलबाईंचं बोलणं चार दिवस डोक्यातून जाईना. काल दुपारी भाचीला फोन करून बोलावून घेतलं. समोरासमोर शब्द फुटेना, म्हणून सातवं कलम वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘वही आण.’

तिचा लॅपटॉप आणि माझी वही शेजारी ठेवून आम्ही एकेक नाव लावत बसलो. अ‍ॅपवरून आलेली मशिनं दोनशे बारा. त्यांतल्या एकशे नव्वद जणांनी मला परत फोन केला होता. तिनं बाकावर डोकं टेकलं. मला वाटलं रडते आहे, बघते तर हसत होती. ‘आत्या, एवढे परत आले? म्हणजे लोकांना हे हवं होतं गं!’ आणि मग एकदम उठली. ‘चार महिने तू गप्प बसलीस? मी पाटी उतरवत होते तेव्हा तू शिडी धरून उभी होतीस!’ मी म्हटलं, हो. ती खूप बोलली. एकही शब्द खोटा नव्हता. मी ऐकून घेतलं.

आज सकाळी शटर उघडताच आली. नोकरीवाल्यांना ‘येत नाही’ म्हणून कळवलंय, एवढंच सांगितलं आणि माझ्यावर बोट रोखून म्हणाली, ‘यापुढे मला काही सांगायचं असेल तर तोंडानं सांगायचं. कागदावर लिहून मरायची वाट बघायची नाही.’ मी कबूल केलं.

सबब, सातवं कलम रद्द. बाकी कलमं कायम. आठव्या कलमात मी भाचीसाठी आणखी चार ओळी लिहून ठेवणार होते, ती मला काय वाटते त्याबद्दल. त्या इथे लिहीत नाही. ती वर माळ्यावर आहे, जाऊन सांगते.

सही: मशीनवाली आत्या
साक्षीदार: वरचेच दोघे.