मिरोन ह्नातोविचांना भेटायचं राहिलंय

३ मार्च २००८, सोमवार
आजपासून मी कोच. बारा वर्षं याच फुटबॉल क्लबसाठी लेफ्ट बॅक खेळलो, आता बाकावर बसणार. आधीचे कोच मिरोन ह्नातोविच परवा क्लब सोडून गेले. त्यांनीच मला खेळाडू केलं, हे मी कुठेही मान्य करीन. पण जानेवारीत अध्यक्ष राडचुकनं म्हातारा कसा चाललाय असं विचारलं, तेव्हा खरं ते सांगणं भाग होतं. मॅच चालू असताना ते बाकावर झोपतात, एवढंच म्हणालो. काढायचं राडचुकनं ठरवलं, मी नाही.
तरी रविवारी केक घेऊन त्यांच्या घरी जाणार. समोरासमोर बोलून मोकळं व्हायचं.

९ मार्च, रविवार
गेलो नाही. काल महिला दिन झाला, त्यांच्याकडे लेकीसुना आल्या असतील, उगाच गर्दी. केक कुणासाठी आणला असं झोरियानानं विचारलं. तुझ्यासाठीच, म्हणालो. बायको इतकी खूश झाली की दोन तुकडे मलाही खायला लावले.

२२ मार्च
पहिली मॅच, परगावी. ०-३. मागे तिघांनीच बचाव करायचा ही माझी नवी पद्धत. आधुनिक आहे, रुजायला वेळ लागेल.
मनात आलं, झोपतात म्हणण्यापेक्षा डुलक्या घेतात म्हणायला हवं होतं. अर्थ तोच.

५ एप्रिल
घरची मॅच. १-२. मिरोन ह्नातोविच तिकीट काढून प्रेक्षकांत बसले होते, नवव्या रांगेत. मी एकदाही वर पाहिलं नाही. कोचचं लक्ष मैदानावर हवं. संपल्यावर ते खाली दाराशी येऊन उभे राहिले. मी बॉयलरखोलीतून बाहेर पडलो. तो रस्ता जवळचा आहे.

१८ एप्रिल
कॅप्टन यारेमा सांगत होता, म्हातारे माझी चौकशी करतात. काय विचारतात? दानिलो जेवतो ना वेळेवर, असं. यारेमाला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. मग पाच केल्या. कारण विचारलंन, तर मी शिट्टी वाजवली.
तसं पाहिलं तर म्हाताऱ्यांचे डोळे मिटलेले होते, एवढंच मी नक्की सांगू शकतो.

२७ एप्रिल, ईस्टर
चर्चच्या अंगणात सणाच्या पदार्थांच्या टोपल्या पवित्र करून घ्यायला सगळे रांगेत. मिरोन ह्नातोविच आमच्यापासून तीन टोपल्या सोडून. मी वाकून आमच्या गोड पावावरचं फडकं नीट करत राहिलो. पाद्री पाणी शिंपडून पुढे गेला तरी करतच होतो. 'त्या पावाला झोपवतोयस का?' झोरियाना म्हणाली. शेजारीपाजारी हसले. मला हसू आलं नाही.
मे महिन्यात नक्की.

१७ मे
सहा हार, एक बरोबरी. राडचुकनं बोलावून घेतलं. जूनपासून नवा माणूस येतोय. वर कुरकुरला, 'तुझा कॅप्टन विचित्र आहे. तू कसा चाललायस विचारलं, तर म्हणतो, आमच्या कोचबद्दल काय ते कोचलाच विचारा.'
नोकरी गेल्याचं इतकं लागलं नाही. हे लागलं.

१८ मे, रविवार
गेलो. केक न घेताच.
स्वयंपाकघरात बसवलं त्यांनी, चहा ओतला. मी एका दमात सांगून टाकलं, की राडचुकचे कान मीच भरले.
'माहीत आहे,' ते म्हणाले. 'त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं. मग मीच राजीनामा दिला. म्हटलं, दानिलोला जमू दे.'
काढलं नव्हतं तर. मी विचारलं, राजीनामा कशाला दिलात, भांडायचं होतं.
'भांडू कसा? मला तर झोपल्याचं आठवत नव्हतं. पण तू पाहिलंस म्हणजे झोपत असणार. स्वतःला कळतही नाही, मग हा माणूस टीम कशी सांभाळणार? डॉक्टरकडे जाऊन आलो. रात्री अंथरुणावर पडायचीही भीती वाटायला लागली.' मग म्हणाले, 'एकच सांग. किती वेळा?'
ओठांवर आलेलं 'दोन-तीनदा' गिळलं.
'एकदा. बाकावर नाही. पोल्ताव्याहून येताना, बसमध्ये. आम्ही सगळेच झोपलो होतो.'
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
'म्हणजे मी जागा होतो,' ते म्हणाले.
मी माफी मागितली. त्यांना ऐकू गेली की नाही, कळलं नाही. ते आतल्या खोलीकडे वळून बायकोला सांगत होते, 'ऐकलंस का? मला काही झालेलं नाही.'