कावळा शिवला आणि मी पळाले

४ ऑगस्ट १९९३

पहिली! शंभर मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली! राममूर्ती सर मैदानातच नाचले – साठीला टेकलेला माणूस! "कण्णा, आता राज्य स्पर्धा, आणि ती आपल्याच गावात!" हे सगळं तमिळमध्ये; कण्णा म्हणजे बाळा. आनंद झाला की सर इंग्रजी विसरतात.

घरी कुणाला सांगू? अप्पांना वाटतं मी टायपिंगच्या क्लासला जाते. म्हणून इथे लिहिते. आजोबांनी जाण्याआधी मला बाळबोध अक्षरं शिकवली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात बाकी सगळे बोलतात मराठी, लिहितात तमिळ. तेव्हा इथे काय वाटेल ते लिहायला मी मोकळी!

६ ऑगस्ट

समोरच्या घरी केबल आली. परदेशातल्या मुलींची शर्यत दाखवत होते. मी श्वास रोखून बघत होते, आणि अप्पा म्हणाले, "शी! कपडे पाहा त्यांचे." मीही तसलेच घालते, अप्पा!

११ ऑगस्ट

कावळा शिवला! देवा, उपकार झाले!

आई गेल्यापासून घर शेषम्मा आत्याच्या हातात आहे. अप्पांची थोरली बहीण ती, तिच्यापुढे अप्पांचंही चालत नाही. तिचा कायदा असा – ते तीन दिवस परसातल्या खोलीत बसायचं, कशाला शिवायचं नाही, जेवणाचं पान लांबून सरकवणार. शेजारची कीर्तना त्या दिवसांत रडते. मी का रडू? परसाला मागचं दार आहे आणि गल्लीच्या टोकाला स्टेडियम! पाणी भरणं नाही, इडलीचं वाटण नाही, कुणी ढुंकूनही बघत नाही. दोन्ही वेळा धावून आले. पोट दुखतं, पण धावायला लागलं की विसरतं.

२३ ऑगस्ट

सर म्हणतात स्टार्ट कच्चा आहे, रोज ये. रोज कशी येणार? टायपिंगचा क्लास तर आठवड्यातून दोनदाच. मग डोकं चालवलं. सकाळी लांबूनच सांगून टाकलं, "आत्या, कावळा शिवला."

कॉफी ओतता ओतता आत्या थबकली. "परत? इतक्यांत? काय गे हें?"

मी मान खाली घातली. हसू दाबता दाबता जीव गेला!

१ सप्टेंबर

स्टार्ट जमला!! पिस्तूल आणि मी एकदमच!

१६ सप्टेंबर

पुन्हा तीच थाप मारली. आत्या पार घाबरली आहे. अंगात रक्त राहणार नाही म्हणून रोज मला उडदाची कळी, म्हणजे उडदाच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खायला घालते – भरपूर गूळ, वर तिळाच्या तेलाची धार. सर विचारतात, "हल्ली काय खातेस? काय जोर आलाय पायांत!" आता त्यांना काय सांगू!

२० सप्टेंबर

पापनाशमचे लोक मला बघायला आले. मुलगा मद्रासला इंजिनीयर. अप्पा हरखले होते. मी मात्र मनात म्हटलं, लग्न ठरलं की धावायचे स्पाइक्स माळ्यावर! दावणी, म्हणजे इथली अर्धी साडी, नेसून कॉफी घेऊन गेले, तर आत्याच पाहुण्यांना म्हणाली, "लपवून देणें पाप. पोरीस बरें नाहीं. महिन्यांत दोनदोनदां होतें."

पाहुणे कॉफी न घेताच उठले! सुटले! परसात जाऊन उड्या मारणार, तर आत्या तिथे पदर तोंडाला लावून बसलेली. "आईविना पोर. मजकडून नीट पाहणें झालें नाहीं." उड्या राहिल्याच. फार वाईट वाटलं. स्पर्धा झाली की सगळं सांगेन, अगदी नक्की.

९ ऑक्टोबर

राज्यात पहिली! अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे!

आणि गंमत म्हणजे आज पहाटे कावळा शिवला – या वेळी खराच! पोटात नुसता पीळ. वाटलं, गेली स्पर्धा. पण पिस्तूल वाजलं आणि पुढे कुणी दिसलंच नाही. कुणीच नाही! सर लहान मुलासारखे रडले. आता बंगळूरचा कॅम्प, तिथून थेट देशाची टीम! फक्त अप्पांनी हो म्हणायला हवं.

१० ऑक्टोबर

सांगायची वेळच आली नाही. पेपरात फोटो आला. शॉर्ट्समधला.

अप्पा पेपर घेऊन परसाच्या दारात उभे राहिले. मी खोलीच्या उंबऱ्यावरूनच सगळं सांगितलं – क्लास, थापा, मागचं दार. अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "घरातल्यांना फसवून धावलीस. आता बंगळूर नाही, स्टेडियमही नाही."

आत्याने एकच विचारलं. "काल खरें कीं खोटें?"

"खरं होतं, आत्या. पहिलाच दिवस."

"पहिल्या दिवशीं पळालीस? आणि सगळ्यांच्या पुढें?"

"हो."

आत्या मटकन पायरीवर बसली. "मला तर सांगत आले, त्या दिवसांत बाईचें अंग कांचेचें. मीही तसेंच धरून चाललें गे, जन्मभर." मग उठून आत गेली.

मला बंगळूरला जायचंय. जायचंच आहे!

११ ऑक्टोबर

आज तिसरा दिवस. सकाळी पान आलंच नाही. स्वयंपाकघरातून हाक आली, "सुप्रभा, आंत ये." उंबऱ्याशी थांबले, तर आत्याने मनगट धरून आत ओढलं आणि अप्पांशेजारच्या पाटावर बसवलं. अप्पांचा घास हातातच राहिला. पण ते उठले नाहीत.

आत्या माझ्या पानात भात वाढत अप्पांना म्हणाली, "बाळू, बंगळूरास थंडी असते म्हणे. हिला स्वेटर आण."