हौदावरचा दगड

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
सरिताचा पाया पडून नमस्कार.

आधी दोन शब्द मुक्ताताईंना. ताई, हे पत्र मुद्दाम तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही, आणि घरी पाठवलं तर जाऊबाई आधी फोडतील. तर पोरं घरी गेली की आत्याबाईंना बोलावून घ्या, दार लोटा आणि हळू आवाजात वाचून दाखवा. दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. एवढं माझ्यासाठी करा.

आत्याबाई, आम्ही तिघं इथं बरे आहोत. तुमच्या उजव्या मनगटाची सूज उतरली का? थंडीनं ठणकत असेल. आंबेहळद लावताय ना? शेळी व्याली, दोन करडं झाली, असं जाऊबाई म्हणाल्या. सायली दोघांची नावं ठेवून मोकळी झाली. एकाचं लाडू, दुसऱ्याचं पण लाडूच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन मोठ्या दादांचा. दादांना तो स्पीकरवर ठेवल्याशिवाय बोलताच येत नाही. तुमच्याशी बोलायचं म्हणजे आख्ख्या ओसरीशी बोलायचं. आणि मला आज फक्त तुमच्याशी बोलायचंय.

सायली चार वर्षांची, पण जीभ चाळिशीची झालीय. बालवाडीत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर म्हणे, "मम्मी, पप्पा, आन आजी गावाला गेलीय कारण पप्पा तिच्यावर वरडले." भर वर्गात! बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी हसले. दुसरं काय करणार? बालवाडी बाराला सुटते. मग माझी शेंद्र्याहून कंपनीची गाडी येईपर्यंत ती शेजारी सुरेखावहिनींकडं बसते. जेवते, पण तुमच्या हातची बाजरीची भाकरी दुधात चुरलेली पाहिजे म्हणून रोज एकदा भोकाड पसरतेच.

अंघोळीचं मात्र अवघड झालंय. मोरीच्या उंबऱ्यापुढं पाऊल टाकत नाही. मी मगात पाणी घेतलं की भिंतीला चिकटते. गेला महिनाभर ओल्या फडक्यानं अंग पुसतेय. तो पिवळा फ्रॉक आठवतो ना, खांद्यापाशी टरकन फाटला तो? शिवायला काढला तर हिसकावून घेतला. म्हणते, "इथं आजीनं धरलं व्हतं." फाटकाच उशाला घेऊन झोपते.

आज पाण्याचा दिवस आहे. आठवा दिवस. नळाखाली पातेलं लावून ठेवलंय, म्हणजे पहिली धार पडली की वाजेल. तुमची शिकवण. हे आत पेपर वाचत बसलेत. मी ओट्यावर बसून लिहितेय.

शुक्रवारी सायलीचं बोरन्हाण केलं. तुम्ही नसताना करायचं माझ्या मनात नव्हतं, पण सुरेखावहिनी म्हणाल्या, पोरीचं मन रमेल. गल्लीतल्या आठ-दहा बायका आल्या, पोरं आली. हलव्याचे दागिने घातले, पाटावर बसवलं, तोवर महाराणीसारखी बसली होती. मी बोरं, चुरमुरे, ऊस, हरभरे सगळं एकत्र करून तिच्या डोक्यावर ओतलं मात्र, पोरीनं डोळे मिटले आणि जी किंचाळली, आत्याबाई, माझ्या हातातलं ताट खाली पडलं. "आजी, मला वढ! आजी, मला वढ!" एवढंच. पोरं बोरं वेचायची राहिली. हलव्याचा हार तिनंच तोडून टाकला.

मग बायका बोलणारच. एक म्हणाली, "म्हातारीच्या हलगर्जीपणापायी बघा पोरीनं कसा धसका घेतलाय." दुसरी म्हणाली, "वय झालं की असंच. हौदाचं झाकण उघडं टाकायचं म्हणजे काय." मी तिळगूळ वाटत होते. वाटतच राहिले. सुरेखावहिनींनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडं वळवली.

बायका गेल्यावर सायली चुरमुऱ्यात बसून होती. मी जवळ घेतलं तर मला म्हणाली, "आजीनं नाय उघडं टाकलं. तू टाकलं."

आत्याबाई, इथं मी पेन खाली ठेवला होता. आत जाऊन चहा केला, यांना दिला, माझा तसाच निवला. परत येऊन बसलेय. आता लिहिते, कारण आज नाही लिहिलं तर जन्मात लिहिणार नाही.

त्या रविवारी पाणी साडेदहाला आलं होतं. बारापर्यंत हौद तोंडोतोंड भरला. तुम्ही झाकण लावलं, त्यावर तुमचा तो फुटक्या जात्याचा दगड ठेवला आणि बाजरी निवडायला आत गेलात. तो दगड तुम्ही गावाहून एसटीत मांडीवर घेऊन आला होतात. तेव्हा मी किती हसले होते! "पत्र्याचं झाकण हलकं हाय, सरिता. पोर चालती झाली. दगड पायजे," असं म्हणाला होतात. मला लाज वाटायची. शहरात कोण अंगणात जात्याचा दगड ठेवतं? येणारा-जाणारा विचारायचा, मी विषय बदलायचे.

तुम्ही आत गेल्यावर सुरेखावहिनी फाटकाशी आल्या. त्यांची मोटर जळाली होती, प्यायला दोन हंडे पाणी मागत होत्या. आपल्या मोटरीला वायर जोडायची कोण कटकट करणार, म्हणून मी दगड ढकलला, झाकण सारलं आणि बादलीनं शेंदून हंडे भरून दिले. एक त्यांनी नेला, दुसरा मी फाटकापर्यंत नेला. झाकण उघडंच. म्हटलं, आत्ता येते.

आणि फाटकाशी बोलत उभी राहिले. किती वेळ? दहा मिनिटं तरी. काय बोलत होते ते पण सांगते, आता काही झाकायचं नाही. तुमच्याच चहाड्या करत होते. "आमच्या आत्याबाईंचं सगळंच अघळपघळ बाई. अंगणाचा गोठा करून ठेवलाय. घर माझं, पण हुकूम त्यांचा." असंच, तोंडाला येईल ते. बायका बोलतात तसं. पण बोलत होते हे खरं.

सायलीनं मला पाणी देताना पाहिलं होतं. तिनं तिचा लाल मग घेतला. तिला पण काकूला पाणी द्यायचं होतं.

मला आवाजसुद्धा आला नाही. तुम्हाला आला. बाजरीच्या सुपावरून उठून तुम्ही त्या दुखऱ्या गुडघ्यांनी कशा धावलात देव जाणे. मी वळून पाहिलं तेव्हा तुम्ही पालथ्या पडला होतात, हौदात खांद्यापर्यंत हात, आणि तोंडानं "धरलं, धरलं, सोडत नाय" चाललं होतं. त्या लोखंडी कडेवर मनगट चेचलं तरी तुम्ही फ्रॉक सोडला नाही. पोरगी बाहेर आली, तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, मग रडली. 

सायलीला तुम्ही वाचवलं. हे मी अजून एकदाही, कुणासमोरच म्हटलेलं नाही.

यांना त्या रविवारी जादा पाळी होती. हे कंपनीतून धावत आले. अंगावरचा युनिफॉर्म पण तसाच. पहिलाच प्रश्न, "दगड कुणी काढला?" तुम्ही म्हणालात, "म्या ठिवला व्हता, रामू." तर हे ओरडले, "ठेवला होता तर दगडाला पाय फुटले का, आई?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी सायलीचं डोकं पुसत होते.

जाऊबाईंना मी फोनवर सांगितलं होतं की मी त्या वेळी काहीच बोलले नाही, सुचलंच नाही. खोटं आहे ते. मी बोलले. यांच्याकडं न बघता म्हणाले, "आत्याबाईंना हल्ली ध्यानात राहत नाही. परवा दूध पण उतू गेलं."

दूध माझ्या हातून उतू गेलं होतं.

 हे बोलत राहिले, "पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची मग?" आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही पैठणच्या गाडीत बसलात. फाटकाशी मला एवढंच म्हणालात, "पोरीला जप."

मला वाटलं होतं, चार दिवसांनी सगळं थंड होईल. घरोघरी मातीच्या चुली. सुरेखावहिनी पण म्हणाल्या, "जाऊ दे गं, घरातलं घरात राहतंय. म्हातारीला कोण फासावर देतंय?" पण माझ्या त्या एका वाक्याला, आत्याबाई, खरंच पाय फुटले. यांनी ते दादांना सांगितलं. दादांनी जाऊबाईंना. मग जाऊबाईंनी तुमच्या हातून गॅस काढून घेतला, का तर आत्याबाई विसरतील. मग शेळ्यांमागं जाणं बंद, का तर वाट चुकतील. तुम्ही! ज्यांनी आख्खं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं माळ पालथा घातला! आणि आता म्हणे पुढच्या सोमवारी डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलंय.

काल फोनवर तुम्ही जे बोललात ते डोक्यातून जात नाही. तुम्ही म्हणालात, "सरिता, दगड ठिवल्याचं मला डोळ्याम्होरं दिसतंय गं. त्याचा गारवा अजून हाताला लागतोय. पर तुम्ही समदे म्हणता, तर नसंन ठिवला. माझं डोस्कं गेलं का गं?" आणि मी, स्पीकरवर सगळे ऐकत होते म्हणून, काय म्हणाले? "आराम करा, आत्याबाई."

थू माझ्या जिनगानीवर.

तुम्ही मला दोन शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. मी भांडकुदळ आहे, भांडले असते, मग पाया पडले असते. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून घेतलात. हे मला सहन होत नाही.

यांना अजून माहीत नाही. सांगायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आज सांगितलं तर उद्या पत्र टाकायची वेळ येणार नाही, हेच फोन करून मिटवतील, "चुकलं तिचं, जाऊ दे" म्हणतील, आणि ओसरीवर कुणाला नीट कळणारच नाही. म्हणून उद्या सकाळी कंपनीच्या गाडीआधी हे स्पीड पोस्टाच्या पाकिटात घालून सुरेखावहिनींकडं देते. त्याच टाकतील, त्यांचा पण थोडा वाटा आहे. आणि संध्याकाळी यांना सगळं सांगते. मग ते काय म्हणायचं ते म्हणोत.

पातेलं वाजलं. पाणी आलं. येते.

झालं. हौद भरला. झाकण लावलं, दगड मीच उचलून ठेवला. लई जड आहे हो, तुम्ही दर वेळी एकट्या कशा उचलायच्या? सायली उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मग हळूहळू जवळ आली, दोन्ही हात दगडावर टेकवले आणि म्हणाली, "आजीनं ठेवला तसाच ठेवलास ना?" हो म्हटलं. महिन्यानं पोर हौदाजवळ आली, आत्याबाई.

शनिवारी आम्ही येतोय. सायलीला घेऊन मी येणारच, हे आले तर त्यांच्यासह, नाही आले तर एकटी. तुम्ही तोंड फिरवलंत तरी मी ओसरीवर बसून राहीन. परत चला असं म्हणायचं तोंड मला नाही. ते सायलीच म्हणेल.

मुक्ताताई, आता तुम्हाला शेवटचं. वर मी लिहिलंय ना की दार लोटून हळू आवाजात वाचा? ते खोडायचं होतं, पण राहू दे, माझी अक्कल सगळ्यांना दिसू दे. ताई, दार उघडा. आत्याबाईंचा हात धरून आमच्या घरी जा. दादा, जाऊबाई, शेजारपाजारचे, जे कुणी असतील त्यांना बसवा. फोनवर मी सगळ्यांसमोर खोटं बोलले, आता सगळ्यांसमोर खरं ऐकू दे. पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचा, आणि ही खालची ओळ दोनदा वाचा.

आत्याबाई, तुमचं डोकं शाबूत आहे. दगड तुम्ही ठेवला होता. काढला मी.

तुमची अपराधी सून,
सरिता